दुसरी सनद कुणाची?

वसंतराव नाईक मुख्यमंत्री म्हणून काय करून गेले, हे पुसदमध्ये शाळकरी पोरगाही सांगेल. ते वकील होते आणि इथल्याच कोर्टात उभे राहत होते, हे विचारलं तर भाषणं ठोकणारेसुद्धा अडखळतात. दर 1 जुलैला कृषिदिनाच्या व्यासपीठावर हरितक्रांती येते, संकरित ज्वारी येते, रोजगार हमी येते, 5 डिसेंबर 1963 ते 20 फेब्रुवारी 1975 असा अकरा वर्षांहून लांब कार्यकाळ येतो. वकिली मात्र ‘बी.ए., एलएल.बी.’ एवढ्यात उरकली जाते. मला त्या एलएल.बी.बद्दल बोलायचं आहे, कारण तिच्यात पुसदसाठी एक जुनी उधारी दडलेली आहे.

1913 साली गहुलीत जन्मलेला बंजारा मुलगा 1940 मध्ये नागपूरहून कायद्याची पदवी घेतो, काही काळ अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली उमेदवारी करतो आणि मग पुसदला येऊन वकिली थाटतो. त्याच सुमारास, 1941 मध्ये, नागपूरच्या ब्राह्मण कुटुंबातल्या वत्सला घाटे यांच्याशी लग्न करून दोन्हीकडच्या लोकांची झोप उडवतो. 1946 साली हाच तरुण वकील पुसदच्या नगरपालिकेचा अध्यक्ष होतो. पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. पण अमरावतीतला तो उमेदवारीचा काळ जरा थांबून पाहण्यासारखा आहे. पंजाबराव देशमुख हे पापळच्या शेतकरी घरातले, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले आणि 1927-28 मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या लढ्यात पुढे असलेले. म्हणजे आधीच्या पिढीतल्या एका बहुजन बॅरिस्टरने तांड्यावरच्या पोराला आपल्या हाताखाली घेतलं. हे घडलं नसतं तरी वसंतराव वकील झालेच असते कदाचित. वडील फुलसिंग नाईक तांड्याचे नायक होते, घरची शेती होती, मुलाला नागपुरात ठेवून शिकवण्याची ऐपत होती. पण पदवी घेणं वेगळं आणि कोर्टात टिकणं वेगळं. टिकायला कुणाचा तरी हात लागतो.

तांड्यातल्या माणसाने वकील होण्याचं मोल कळायला त्याआधीचा तांड्याचा आणि कायद्याचा संबंध आठवावा लागतो. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घालणारे हे लोक. रेल्वे आली, मिठावर सरकारची पकड बसली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बसला. तांडे डोंगराच्या कडेला स्थिरावले आणि एकदम पट्टा, गहाणखत, सावकाराचा कागद, जंगलखात्याचा गार्ड आणि पोलीस चौकी अशा जगात येऊन पडले. तांड्याला स्वतःचा न्याय होता. नायक, कारभारी आणि पंच बसून तंटा मिटवत. सरकारी न्याय मात्र परक्या भाषेत, परक्या माणसांकडून, तालुक्याला चालायचा. त्यात 1871 साली इंग्रजांनी असा कायदा केला की देशातल्या कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. आईच्या पोटातून बाहेर पडलेल्या लेकरावर आरोप! हा कायदा 1952 मध्ये गेला. बंजारा समाज आजही महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जातींच्या ‘अ’ गटात आहे. त्या यादीचं नावच त्या इतिहासाची खूण आहे.

अशा काळात तांड्यातल्या माणसाची कोर्टातली जागा ठरलेली होती. एक तर पिंजऱ्यात, नाही तर बाहेर झाडाखाली, पेशीचा पुकारा होईपर्यंत उकिडवा बसलेला. कोर्टात जे काही बोललं जायचं ते त्याच्याविषयी असायचं, त्याच्याशी नसायचं. तिथे गोरमाटी बोली जाणणारा, तांड्याच्या चालीरीती माहीत असलेला, काळा कोट घातलेला माणूस उभा राहतो तेव्हा पहिल्यांदा पक्षकाराला आपली हकिगत आपल्या शब्दांत सांगता येते. गहाणखताच्या दाव्यात, मारामारीच्या फौजदारीत, जामिनाच्या अर्जात याचा फरक पडतो. मॅजिस्ट्रेटला ऐकू जाते ती वकिलाची भाषा; वकिलाला पक्षकाराचीच भाषा कळत नसेल तर मधल्या मधे न्याय कुठे सांडतो ते कोणत्याच निकालपत्रात लिहिलेलं नसतं.

वसंतराव बंजारा समाजातले ‘पहिले’ वकील की पहिल्या काहींपैकी एक, या वादात मी पडणार नाही. आपल्याकडे ‘पहिला’ या बिरुदाची फार हौस आहे. पहिला पदवीधर, पहिला डॉक्टर, पहिला कलेक्टर असं लिहिलेले फ्लेक्स बसस्टँडपासून शिवाजी चौकापर्यंत लागतात. कौतुक करू नये असं नाही. ज्या घरात कधी पुस्तक नव्हतं त्या घरातलं पोर उभं राहिलं तर गावाने मिरवलंच पाहिजे. पण ‘पहिला’ म्हणताना एक हिशेब आपण टाळतो. तो पहिला इतक्या उशिरा का आला? आणि त्याच्या मागे दुसरा किती वर्षांनी आला? पहिला माणूस कधीकधी अपवाद म्हणूनही आत घेतला जातो, दार पुन्हा लावून घेण्याच्या बोलीवर.

अमेरिकेतल्या काळ्या वकिलांचा इतिहास मला या बाबतीत फार शिकवून जातो. तिकडचं इकडे कशाला, असं कुणी म्हणेल तर त्याला जोतीराव फुल्यांची आठवण करून द्यावी. 1873 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी माणसांना. पुण्यात बसून त्यांना जी नाती दिसली ती पुसदला दीडशे वर्षांनंतर दिसायला हरकत नसावी.

मॅकन बोलिंग ॲलन हा अमेरिकेत वकिलीचा परवाना मिळालेला पहिला काळा माणूस. 1844 साली, मेन राज्यात. त्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला. कारण दिलं ते असं की काळा माणूस नागरिकच नाही. मग त्याने परीक्षा देऊन परवाना मिळवला. पण मेनमध्ये काळे पक्षकार जवळजवळ नव्हतेच आणि गोरे त्याच्याकडे फिरकेनात. त्याला मॅसॅच्युसेट्सला जावं लागलं. पुढे जॉन रॉक. आधी दंतवैद्य, मग डॉक्टर, मग वकील. 1865 च्या 1 फेब्रुवारीला तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून दाखल झाला. गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती लोकप्रतिनिधींच्या सभागृहात मंजूर होऊन जेमतेम एक दिवस झाला होता. आणि याच न्यायालयाने आठच वर्षांपूर्वी, 1857 मध्ये, काळे लोक या देशाचे नागरिक असूच शकत नाहीत असा निकाल दिला होता. हा केवढा मोठा पल्ला! पुढच्या वर्षी क्षयाने रॉक गेला.

या यादीतलं माझ्या डोक्यातून न जाणारं नाव शार्लट रे हिचं. 1872 मध्ये ती वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातून कायदा शिकून बाहेर पडली. अमेरिकेतली पहिली काळी स्त्री वकील. हुशारीबद्दल कुणाला शंका नव्हती. ऑफिस थाटलं, पण काळी आणि त्यात बाई, कामं येईनात. काही वर्षांत वकिली गुंडाळून ती न्यूयॉर्कला परतली आणि शाळेत शिकवू लागली. गौरवग्रंथात तिचं नाव ‘पहिली’ म्हणून छापलं जातं. पण तिच्या समोरच्या खुर्चीत बसायला पक्षकार आले नाहीत, हे त्या नावाखाली छापायला हवं. आपल्याकडे तांड्यावरची, वाडीवरची एखादी पोरगी एलएल.बी. होते, सत्कार होतो, फेटा बांधला जातो. पाच वर्षांनी ती कुठे आहे हे सत्कार समितीतल्या किती जणांना ठाऊक असतं?

दार लावून घेण्याच्या रीतीही पाहण्यासारख्या. अमेरिकन बार असोसिएशन ही तिथल्या वकिलांची मोठी संस्था. 1912 मध्ये तिने तीन काळे वकील सभासद करून घेतले. ते काळे आहेत हे आधी लक्षातच आलं नव्हतं. कळल्यावर गहजब झाला. त्या तिघांना काढता आलं नाही, पण यापुढे अर्जदाराने आपला वंश लिहावा असं ठरलं, आणि वंश लिहिला की काय होणार ते उघड होतं. 1943 पर्यंत हे चाललं. कायद्यापुढे सगळे समान हे वाक्य रोज तोंडात असलेल्या माणसांच्या संस्थेत! दरम्यान काळ्या वकिलांनी 1925 साली आयोवातल्या दे मॉइन शहरात आपली वेगळी संघटना उभी केली.

हा सगळा अडथळ्यांचा पाढा. याला खरं वळण लावलं ते चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या माणसाने, आणि मला वाटतं आपल्या प्रत्येक बार रूममध्ये याची गोष्ट सांगितली पाहिजे. ह्यूस्टन हार्वर्डमध्ये शिकलेला, तिथल्या नामांकित कायदाविषयक नियतकालिकाच्या संपादक मंडळावर निवडला गेलेला पहिला काळा विद्यार्थी. पैसेवाल्या पक्षकारांची वकिली करून सुखाने राहता आलं असतं. तो 1929 मध्ये हॉवर्डच्या विधी महाविद्यालयाचा कारभार हाती घेतो. तेव्हा ते संध्याकाळचे वर्ग भरणारं कॉलेज होतं. नोकरी करून रात्री शिकणाऱ्यांचं. ह्यूस्टनने ते दिवसभराचं, कडक शिस्तीचं केलं. मुलं वैतागली. त्याला एकदोन चमकदार वकील घडवायचे नव्हते, वकिलांची फळी हवी होती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की वकील एक तर समाजाची रचना बदलणारा असतो, नाही तर समाजावर पोसलेलं बांडगूळ. मधली जागा नाही.

त्याच्या हाताखाली तयार झालेला एक विद्यार्थी म्हणजे थर्गुड मार्शल. बाल्टिमोरचा. त्याच्या घराजवळच मेरीलँड विद्यापीठाचं विधी महाविद्यालय होतं, पण ते फक्त गोऱ्यांसाठी; म्हणून तो हॉवर्डला आला आणि 1933 मध्ये पदवीधर झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत गुरू-शिष्यांनी मिळून त्याच मेरीलँड विद्यापीठाला कोर्टात खेचलं आणि डोनाल्ड मरे या काळ्या विद्यार्थ्याला तिथे प्रवेश मिळवून दिला. ज्या दारात स्वतःला उभं करत नव्हते ते दार मार्शलने दुसऱ्यासाठी उघडलं! मग एकेक खटला करत ते 1954 च्या 17 मेपर्यंत पोचले, जेव्हा गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. ह्यूस्टन तो निकाल ऐकायला नव्हता; 1950 मध्येच तो गेला होता. 1967 मध्ये मार्शल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला काळा न्यायमूर्ती झाला. लोक मार्शलला ओळखतात, ह्यूस्टनला फारसे ओळखत नाहीत. माझ्या लेखी मोठेपणाचा मान ह्यूस्टनकडे जातो.

आता आपल्याकडे वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते; पुढे 1946 मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत नेते ड्यूबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातलं साम्य मांडलं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यांची वकिली मात्र संविधानाच्या तेजात झाकली गेली. लंडनच्या ग्रेज इन्‌मधून 1922 मध्ये बॅरिस्टर झालेल्या या माणसाकडे मुंबईत सनद घ्यायला पैसे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी मदत केली. जुलै 1923 मध्ये हायकोर्टात वकिली सुरू झाली. तेव्हाच्या पद्धतीत बॅरिस्टरला काम यायचं ते सॉलिसिटरकडून, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला काम देईनात. म्हणून ते मुंबईबाहेरची, मोफसलची कामं घेत राहिले आणि बाटलीबॉयच्या हिशेबनीस-प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालवत राहिले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या गाठीशी असलेला माणूस! शार्लट रेच्या समोरची रिकामी खुर्ची इथेही होतीच.

पुढे जे खटले आले ते सांगण्यासारखे आहेत. 1926 मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरून दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेधे यांना बदनामीची शिक्षा झाली होती; अपिलात बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना सोडवून आणलं. म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीच्या मराठा पुढाऱ्यांचा वकील कोण, तर महार बॅरिस्टर. ही गोष्ट आजच्या जातवार जयंत्यांच्या काळात मोठ्याने वाचून दाखवावी अशी आहे. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. तिथल्या सवर्णांनी लावलेला दावा संपून हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च 1937 मध्ये. पाण्याच्या ओंजळीसाठी दहा वर्षं पेशी. आणि मधल्या काळात, 1935 मध्ये, ज्या शहरातले सॉलिसिटर त्यांना विचारत नव्हते त्याच शहराच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले.

एवढा मोठा वकील या देशाने पाहिला, त्याच्याच अध्यक्षतेखाली संविधानाचा मसुदा झाला. मग पुढे वाट मोकळी झाली असेल असं कुणालाही वाटेल. आपलं सर्वोच्च न्यायालय 1950 मध्ये सुरू झालं. त्यावर पहिले दलित न्यायमूर्ती ए. वरदराजन आले ते 1980 मध्ये. तीस वर्षांनी. पहिले दलित सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन 2007 मध्ये झाले, 2010 मध्ये निवृत्त झाले, आणि त्यानंतर नऊ वर्षं सर्वोच्च न्यायालयात एकही दलित न्यायमूर्ती नव्हता. 2019 मध्ये भूषण गवई तिथे पोचले. आपल्या अमरावतीचे, नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले, नागपूर खंडपीठात उमेदीची वर्षं घालवलेले गवईसाहेब 14 मे 2025 रोजी सरन्यायाधीश झाले तेव्हा विदर्भात पेढे वाटले गेले, आणि वाटायलाच हवे होते. बौद्ध समाजातले ते पहिले, दलित समाजातले दुसरे सरन्यायाधीश.

पण त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेला आकडा पेढ्याबरोबर गिळावा लागतो. 2018 पासून देशभरातल्या उच्च न्यायालयांत 715 न्यायमूर्ती नेमले गेले. त्यांत अनुसूचित जातींचे 22, अनुसूचित जमातींचे 16, इतर मागासवर्गीय 89. शंभरातले तीन दलित, दोन आदिवासी. गुणवत्ता नव्हती असं म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांना काम न देणाऱ्या सॉलिसिटरांचं कारणही हेच होतं का ते सांगावं. न्यायमूर्ती निवडले जातात नावाजलेल्या वकिलांतून. वकील नावाजतो मोठ्या खटल्यांनी. मोठे खटले मिळतात मोठ्या सिनिअरच्या ऑफिसात. आणि त्या ऑफिसात कोण बसणार हे बहुतेक वेळा आडनाव, ओळख आणि बापाचा व्यवसाय ठरवतो. यात कुणी दुष्ट असावं लागत नाही. अमेरिकेच्या बार असोसिएशनला वंश लिहून घ्यावा लागला. आपल्याकडे तो न विचारताही कळतो, एवढाच फरक.

तालुक्याच्या पातळीवर ही साखळी कुठे तुटते तेही बघा. सनदेचीच गोष्ट घ्या. कायद्यात नोंदणी शुल्क खुल्या वर्गासाठी 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये असताना राज्याराज्यांच्या बार कौन्सिल निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेत होत्या. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं. शंभर वर्षांपूर्वी भथेनांनी जी नड भागवली तीच नड 2024 पर्यंत कायम होती म्हणायची. सनद मिळाल्यावर पुढची अडचण पोटाची. पुसदसारख्या कोर्टात नवा वकील पहिली दोन-तीन वर्षं काय कमावतो? सिनिअरच्या फायली उचलायच्या, पेशीला तारीख घ्यायची, झेरॉक्स काढून आणायची. दिवाळीला हातावर काही ठेवलं तर ठेवलं. ज्याच्या घरी शेती आहे किंवा बाप नोकरीत आहे तो हे काढू शकतो. ज्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात त्या तांड्यावरच्या पोराने हे कसं काढायचं? तो वर्षभरात कोट खुंटीला टांगतो आणि मिळेल ती नोकरी धरतो.

त्यात 20 मे 2025 च्या निकालाने न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिली केल्याची अट पुन्हा आली. निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख गवईसाहेबच होते. अटीमागचा विचार मला पटतो. कोर्ट न पाहिलेल्या पंचविशीतल्या पोराने जामिनाचे निर्णय द्यावेत हे बरं नाही. पण तीन वर्षं बिनपगारी राबण्याची ताकद कुणात असते, हा प्रश्न अटीबरोबरच यायला हवा होता. गरीब घरातल्या हुशार मुलीला परीक्षा हाच एक मार्ग होता ज्यात सिनिअरची ओळख लागत नव्हती. आता तिथेही मधे सिनिअरचं ऑफिस आलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरना शहरात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये महिना द्यावेत असं सुचवलं. सुचवलं. बंधन नाही, त्यामुळे ते परिपत्रक किती ऑफिसांत पोचलं असेल याचा अंदाज वाचकाने करावा.

आता पुसदच्या घरात शिरतो, आणि इथे काही जण नाराज होतील. बंजारा समाज आज कोर्टात परका राहिलेला नाही. वकील आहेत, अधिकारी आहेत, गहुलीच्या घराने या राज्याला दोन मुख्यमंत्री दिले. ज्यांना दार उघडलं ते आता दाराशी उभे आहेत. त्यांच्या मागे कोण आहे? या भागातल्या पोडावरचे कोलाम आहेत, ज्यांना सरकार अतिअसुरक्षित आदिम जमात म्हणतं आणि ज्यांचे वनहक्काचे दावे फायलींत पडून असतात. आंध आहेत, गोंड आहेत. बेड्यावरचे पारधी आहेत, ज्यांच्या दारात चोरी कुठेही झाली तरी गाडी येऊन थांबते, जणू 1871 चा कायदा 1952 मध्ये गेलाच नाही. तांड्यातल्या माणसाची 1940 मध्ये कोर्टात जी जागा होती ती आज यांची आहे. पारधी पोराला रिमांडसाठी उभं केलं जातं तेव्हा त्याच्या बाजूने बोलणाऱ्याला पारधी भाषा येते का? विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो. 1987 च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना तो उत्पन्नाची अट न लावता मिळायला हवा. पण नेमलेला वकील आणि आपला वकील यात अंतर असतं. ते तांड्याइतकं दुसऱ्या कुणाला चांगलं समजणार?

म्हणून मला जयंत्यांबद्दल बोलावंसं वाटतं. सेवालाल महाराजांची, बाबासाहेबांची, वसंतरावांची जयंती झाली पाहिजे. मिरवणूक निघाली पाहिजे, पोरांनी नाचलं पाहिजे. वर्षभर मान खाली घालून जगणाऱ्याला एक दिवस मान वर करून चालायला मिळतो, ही काही छोटी गोष्ट नाही. मला खुपतं ते वर्गणीचं वाटप. डीजेच्या दोन रात्रींना जे लागतं त्यात एका ज्युनिअरचे बरेच महिने निघतात. सगळा डीजे बंद करा असं मी म्हणत नाही, म्हणून उपयोगही नाही. एक रात्र कमी करा.

आणि वकील मंडळींना म्हणायचं आहे ते असं. पुसदमध्ये जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालय आहे, दिवाणी-फौजदारी दोन्हीकडे नाव असलेले सिनिअर आहेत, सर्व जातींचे आहेत. यातल्या दोघांनी मिळून एक ज्युनिअर पगारावर ठेवायचा, आणि तो पोडावरचा, बेड्यावरचा, बौद्ध वस्तीतला किंवा ऊसतोड्या तांड्यावरचा असेल असं पाहायचं. शक्यतो पोरगी. बार कौन्सिलने सुचवलेले 15 हजार दोघांत वाटले तर प्रत्येकी साडेसात हजार होतात. एवढा खर्च झेपत नाही असं म्हणणाऱ्यांत काही जण खरं बोलत असतील. तालुक्याच्या कोर्टात सगळेच सिनिअर श्रीमंत नसतात हे मला ठाऊक आहे. तिथे जयंतीची वर्गणी कामाला यावी, समाजाच्या संस्थांनी अर्धा भार उचलावा. ज्यांना पैसा देणं जमत नाही त्यांनी निदान काम द्यावं: स्वतःच्या नावावर वकीलपत्र, उलटतपासणीचा एखादा साक्षीदार, युक्तिवादाचा एखादा मुद्दा. फायली उचलून कुणी वकील होत नाही.

मला ठरलेलं उत्तर ऐकू येतंय: ‘द्यायला तयार आहोत हो, पण तसं कुणी आमच्याकडे येतच नाही.’ कसं येणार? पोडावरच्या मुलीला सिनिअरचं ऑफिस कुठल्या गल्लीत आहे तेही माहीत नसतं, आणि दारातला मुन्शी तिला पक्षकार समजून बाकावर बसवतो. ह्यूस्टन हॉवर्डमध्ये बसून राहिला नव्हता. तो कॅमेरा घेऊन दक्षिणेतल्या मोडक्या शाळांपर्यंत गेला होता. आपल्याला एवढं लांब जायचं नाही. यवतमाळचं अमोलकचंद विधी महाविद्यालय एसटीने गाठता येतं, अमरावतीलाही डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं विधी महाविद्यालय आहे. तिथे शेवटच्या वर्षाला पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस आणि आर्णीकडची कोणती मुलं-मुली आहेत, त्यांतल्या कुणाच्या घरात याआधी वकील झालेला नाही, एवढी यादी प्राचार्यांकडून मागवायला बार असोसिएशनचा एक ठराव पुरे. निकाल लागायच्या आधी ती यादी हातात असली, तर सनद येईपर्यंत ऑफिसंही ठरतील.